एवढं खेळून शेवटी मास्तरकी? कॉलेज गोल्फ कोच होण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात वाढलेली मुलगी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाकडून ४ वर्षं गोल्फ खेळली. शेवटची २ वर्षं संघात तिचाच स्कोअर सर्वांत चांगला होता. पदवीनंतर दीड वर्ष व्यावसायिक म्हणून छोट्या स्पर्धा खेळली, पण बक्षिसापेक्षा विमानाचं तिकीट महाग पडायला लागलं. आता तिथल्याच दुसऱ्या एका विद्यापीठाने महिला संघाची सहायक कोच म्हणून बोलावलं आहे. ती विचारते, चांगला खेळाडू चांगला कोच होतो का? हे काम नेमकं काय असतं? आणि आई म्हणते, "एवढं खेळून शेवटी मास्तरकीच करायची होती का?" तिला काय सांगू?

तू वयाने माझ्या मुलीएवढी आहेस, म्हणून एकेरीत लिहितो. मी २२ वर्षं अमेरिकेत कॉलेज गोल्फमध्ये काढली. पहिली ७ सहायक म्हणून, पुढची मुख्य कोच म्हणून. आता पुण्यात मुलं शिकवतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. चांगल्या खेळाच्या जोरावर ही नोकरी मिळते, पण टिकते ती दुसऱ्याच गुणांवर. ह्यूस्टन विद्यापीठाचे डेव्ह विल्यम्स हे कॉलेज गोल्फमधलं सर्वांत मोठं नाव. १९५६ ते १९८५ या काळात त्यांच्या संघांनी १६ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. हे गृहस्थ मुळात इंजिनिअरिंग शिकवणारे प्राध्यापक. त्यांचं नाव खेळाडू म्हणून कोणी घेत नाही. मुलं हेरणं, त्यांना आपल्याकडे आणणं आणि रोज एकमेकांशी खेळायला लावणं यात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

म्हणजे चांगलं खेळणं फुकट जातं का? अजिबात नाही. १९९५ सालची कॉलेजची राष्ट्रीय स्पर्धा ओहायोत कोलंबसला झाली. ओक्लाहोमा स्टेट आणि स्टॅनफर्ड बरोबरीत राहिले, आणि प्लेऑफमध्ये ओक्लाहोमा स्टेट जिंकलं. स्टॅनफर्डकडून टायगर वुड्स खेळत होता, म्हणून जगाला तो सामना आठवतो. मला आठवतो तो त्या दोन संघांतल्या इतर मुलांसाठी. जिंकलेल्या संघातला अ‍ॅलन ब्रॅटन पुढे आपल्याच विद्यापीठाचा कोच झाला आणि त्याने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद आणलं. हरलेल्या स्टॅनफर्डकडून केसी मार्टिन खेळत होता. तो ओरेगनचा कोच झाला आणि २०१६ मध्ये जिंकला. टायगरचाच सहखेळाडू कॉनराड रे स्टॅनफर्डचा कोच झाला आणि त्याने २००७ आणि २०१९ मध्ये विजेतेपद मिळवलं. विशीत ज्यांनी असा ताण अंगावर घेतला होता, ते चाळिशीत दुसऱ्यांच्या मुलांना त्यातून बाहेर काढत होते. ही गोष्ट पुस्तकातून येत नाही. ती तुझ्याकडे आहे.

केसी मार्टिनबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तुझ्या प्रश्नाचं माझ्या मते सर्वांत खरं उत्तर त्याच्या आयुष्यात आहे. जन्मापासून त्याच्या उजव्या पायात रक्ताभिसरणाचा दुर्मिळ विकार. १८ होल चालणं म्हणजे यातना आणि हाड मोडण्याची भीती. व्यावसायिक झाल्यावर त्याने स्पर्धेत गोल्फ कार्ट (मैदानात फिरायची छोटी गाडी) वापरू द्यावी म्हणून पीजीए टूर या अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक स्पर्धामालिकेवर दावा लावला. तो खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००१ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी तो जिंकला. त्याआधी १९९८ च्या यूएस ओपनमध्ये तो २३ व्या स्थानावर बरोबरीत राहिला होता. म्हणजे माणूस केवळ खटल्यामुळे प्रसिद्ध नव्हता, खेळातही अव्वल होता. तरीही टूरवरची त्याची कारकीर्द फार काळ चालली नाही. २००६ मध्ये तो आपल्या गावी, युजीनला, ओरेगन विद्यापीठाचा कोच म्हणून परतला.

दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, राष्ट्रीय स्पर्धा युजीनच्याच मैदानावर आली. अंतिम फेरीत ओरेगनसमोर टेक्सास, एकास एक असे ५ सामने. टेक्सासचा अव्वल खेळाडू बो हॉस्लर उपांत्य सामन्यात खांद्याला दुखापत करून बसला होता, म्हणून एक गुण न खेळताच ओरेगनला मिळाला. तो धरून पहिल्या चार सामन्यांनंतर दोन्ही बाजू २-२ अशा समसमान आल्या. शेवटी सगळं येऊन थांबलं सुलमान रझा या युजीनच्याच मुलावर. १८ होलवर निकाल लागला नाही, आणखी ३ होल खेळावे लागले आणि २१ व्या होलवर रझाने सामना जिंकला. ओरेगनच्या पुरुष गोल्फ संघाचं ते पहिलं राष्ट्रीय विजेतेपद.

मार्टिन कार्टमधून हिंडणारा कोच. जिथे दुसरा कोच चार ढांगांत पोहोचतो, तिथे त्याला विचार करून जावं लागे. २०१९ मध्ये त्या पायाचं हाड मोडलं, ते नीट जुळलं नाही आणि २०२१ मध्ये पाय कापावा लागला. तरी तो कामावर परतला. ज्याला स्वतःला मनासारखं खेळता आलं नाही, त्याच्याकडे दुसऱ्याचा खेळ पाहण्याचा संयम जास्त असतो असं माझं मत आहे. तुझी दीड वर्षं वाया गेली असं तू लिहिलंयस. कोच म्हणून तुझ्या पदरात पडलेली ती सर्वांत मोलाची दीड वर्षं आहेत. कट चुकल्यावर, म्हणजे पहिल्या फेऱ्यांनंतरच स्पर्धेबाहेर पडल्यावर, हॉटेलच्या खोलीत एकटीने बॅग भरताना कसं वाटतं, हे तुला कोणी शिकवावं लागणार नाही.

आता धोका सांगतो. तो मी स्वतः भोगलाय.

मुख्य कोच म्हणून माझं पहिलं वर्ष. विभागीय स्पर्धेचा शेवटचा दिवस. आमची मुलगी एका पार-५ वर, म्हणजे ५ शॉटांत संपवायच्या होलवर, दुसऱ्या शॉटला उभी. पाण्यावरून १८२ यार्डांचा कॅरी, म्हणजे चेंडू तेवढा हवेतूनच न्यायचा, वारा डावीकडून. तिचं मन होतं ८-आयर्न या कमी अंतराच्या क्लबने पाण्याच्या अलीकडे ठेवायचं आणि मग वेज या जवळच्या फटक्याच्या क्लबने ग्रीन, म्हणजे होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ, गाठायचं. कॉलेज गोल्फमध्ये कॅडी नसतो, खेळाडू स्वतःची बॅग वाहतो, पण कोचला सोबत चालता येतं आणि सल्ला देता येतो. मी गेलो आणि म्हणालो, हायब्रिड (लांब मारायचा क्लब) घे, तुझा होईल. चेंडू पाण्यात. त्या होलवर ७ शॉट झाले. आम्ही एका शॉटने पुढच्या फेरीला मुकलो.

परतीच्या ६ तासांच्या प्रवासात व्हॅन मीच चालवत होतो. ती मुलगी मागे झोपल्याचं सोंग घेऊन पडली होती. काही आठवड्यांनी मी तिची वर्षभराची कार्डं काढून बसलो, तेव्हा लक्षात आलं की डावीकडून वारा असताना तिचा हायब्रिड नेहमी उजवीकडे वाहून तोकडा पडायचा. तिला हे माहीत होतं. मला नव्हतं, कारण मी तिच्याकडे पाहून बोललोच नव्हतो. तो शॉट मला स्वतःला मारता आला असता आणि हायब्रिड हा माझा लाडका क्लब होता. मी तिच्या हातून माझा शॉट मारून घ्यायला गेलो.

तिथून पुढे मी प्रत्येक खेळाडूची एक वही ठेवली. कुठल्या क्लबने चेंडू हवेतून किती जातो, चुकला तर कुठल्या बाजूला, वाऱ्यात काय होतं, बोगीनंतरच्या (पारपेक्षा एक शॉट जास्त लागल्यावर) होलवर काय होतं. मैदानावर तोंड उघडण्याआधी ती वही डोळ्यांसमोर आणायची आणि बहुतेक वेळा तोंड उघडायचंच नाही. जवळ जाऊन पाण्याची बाटली द्यायची, दुपारी काय खाणार विचारायचं. अव्वल खेळाडूला हे फार जड जातं, कारण त्याला उत्तर दिसत असतं. पण ते त्याचं उत्तर असतं. मुलीचं वेगळं असतं.

दुसरी एक गोष्ट नवीन कोचला धक्का देते. स्विंग शिकवण्याचं काम तिथे फारच थोडं असतं. १८ वर्षांची मुलगी येते ती आपला स्विंग आणि आपला गावाकडचा शिक्षक बरोबर घेऊन. तिचे व्हिडिओ आठवड्याला त्याच्याकडे जातात. तू मध्ये पडून पकड बदलायला सांगितलीस तर ३ महिने तिचं वाटोळं होईल आणि वर त्या शिक्षकाशी वैर येईल ते वेगळंच. तुझं काम म्हणजे तिचा आहे तो स्विंग स्पर्धेत वापरायला शिकवणं. १०० यार्डांच्या आतला खेळ, ग्रीनवर लांबून चेंडू होलकडे ढकलणं, मैदान वाचणं, झेंडा कुठे आहे ते पाहून कुठे चुकायचं ते ठरवणं. शिवाय संघाच्या स्कोअरचं गणित. ५ जणी खेळतात आणि रोज सर्वांत चांगले ४ स्कोअर धरले जातात. म्हणजे एखादीचा दिवस कोसळला तरी संघ उभा राहतो. पण दुसरी कोसळली की तिचा प्रत्येक शॉट मोजला जातो, आणि हे तिलाही ठाऊक असतं. अशा वेळी ११ व्या होलवर तिच्याजवळ कोण उभं आहे याला महत्त्व येतं.

वेळेचं सांगतो. नियमाप्रमाणे हंगामात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त सराव घेता येत नाही, हंगामाबाहेर ८ तास. स्पर्धेचा अख्खा दिवस मात्र ३ तासच धरतात. पहिल्या दिवशी बहुतेक ३६ होल असतात, म्हणजे सकाळी उजाडल्यापासून संध्याकाळपर्यंत पायावर. खेळाडूंच्या तासांना मर्यादा आहे, कोचच्या नाही. व्हॅन चालवणं, ८ माणसांचं जेवण मागवणं, कोणाची रसायनशास्त्राची परीक्षा हॉटेलच्या लॉबीत घ्यायची ती परवानगी काढणं, नियमपालन विभागाचे अर्ज भरणं, पावसाने बुडालेल्या फेरीनंतर विमानं बदलणं, हे सगळं सहायकाच्या वाट्याला येतं. पहिली २ वर्षं तुझा स्वतःचा सराव जवळपास बंद पडेल. हे मान्य असेल तरच जा.

तरी काहींनी दोन्ही सांभाळलं आहे. बडी अलेक्झांडर १९८६ मध्ये लुइझियाना स्टेटचे कोच होते आणि त्याच वर्षी त्यांनी यूएस अ‍ॅमॅच्युअर ही देशातली सर्वांत मानाची हौशी स्पर्धा जिंकली. आधी व्यावसायिक होऊन, ते जमलं नाही म्हणून पुन्हा हौशी दर्जा मिळवलेला हा माणूस. पुढे फ्लोरिडाला जाऊन त्यांच्या संघांनी १९९३ आणि २००१ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. इलिनॉयचे माइक स्मॉल २००० पासून आपल्याच विद्यापीठाचे कोच. अमेरिकेतल्या क्लब आणि कोचिंग व्यावसायिकांची राष्ट्रीय स्पर्धा त्यांनी कोच असतानाच ३ वेळा जिंकली, २००५, २००९ आणि २०१० मध्ये. इलिनॉय म्हणजे हिवाळ्यात बर्फाखाली गाडलेला प्रदेश. फ्लोरिडा-अ‍ॅरिझोनाचं ऊन सोडून तिथे चांगली मुलं का जावीत? स्मॉलनी बंदिस्त सराव केंद्राच्या जोरावर आणि स्वतःच्या खेळाच्या वजनावर ती आणली. त्यांचे २ खेळाडू, २०१० मध्ये स्कॉट लँग्ली आणि २०१२ मध्ये थॉमस पीटर्स, वैयक्तिक राष्ट्रीय विजेते झाले.

म्हणजे गाडी पुन्हा मुलं आणण्यावर आली. कारकीर्द तिथेच ठरते, म्हणून यावर नीट लक्ष दे. १९८९ मध्ये स्टॅनफर्डचे कोच वॉली गुडविन यांनी १३ वर्षांच्या टायगर वुड्सला पत्र लिहिलं होतं आणि त्या पोराने उत्तरही पाठवलं होतं. आज असं करता येणार नाही. मुलीचं दहावीचं वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत कोचने थेट संपर्क करायचा नाही असा नियम आहे. तोपर्यंत फक्त बघायचं. मी उन्हाळाभर ज्युनिअर स्पर्धांच्या दोरीबाहेर उभा राहायचो. बर्डी (पारपेक्षा एक शॉट कमी) कोणीही बघेल. मी बघायचो डबल बोगीनंतरचा टी शॉट, म्हणजे पुढच्या होलचा पहिला फटका. मी बघायचो १८ व्या ग्रीनवरून उतरल्यावर ती आईवडिलांशी कशी बोलते. ७९ मारूनही जी मुलगी कार्डावर सही करून सोबतच्या खेळाडूचा हात नीट हातात घेते, तिचं नाव वहीत जायचं. यात मी फारसा चुकलो नाही. जिथे चुकलो, तिथे मी सुंदर स्विंगला भुललो होतो.

गेल्या काही वर्षांत यात बरंच बदललंय. २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल आलं, आणि आता मुली दरवर्षी विद्यापीठ बदलू शकतात. म्हणजे जी आणली तिला टिकवायचंही काम आलं. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, पण विद्यार्थी व्हिसावरच्या परदेशी मुलींसाठी ते फार अडचणीचं आहे. तुझ्या संघात भारत, थायलंड, स्पेनच्या मुली असतील, त्यांना हे समजावून सांगणारी तूच असशील. खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यात २०२५ मध्ये झालेल्या न्यायालयीन समझोत्यानंतर, तो स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत संघात जास्तीत जास्त ९ खेळाडू ठेवता येतात. शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा गेली, पण संघाच्या आकाराला हद्द आली.

मुलींच्या बाजूचं एक उदाहरण मुद्दाम सांगतो. लॉरा इयानेल्लो २००० मध्ये अ‍ॅरिझोनाच्या राष्ट्रीय विजेत्या संघात खेळाडू होती. त्याच अ‍ॅरिझोनाची कोच म्हणून ती २०१८ मध्ये जिंकली. स्ट्रोक प्लेच्या, म्हणजे एकूण शॉट मोजायच्या टप्प्याच्या, शेवटच्या होलवर तिच्या संघातल्या बियांका पाग्दांगाननने ईगल (पारपेक्षा २ शॉट कमी) मारला तेव्हा कुठे संघ प्लेऑफमध्ये शिरला. तिथून मॅच प्लेच्या (एकास एक सामन्यांच्या) पहिल्या ८ संघांत आला आणि अंतिम सामना हेली मूरने १९ व्या होलवर मिटवला. खेळाडू म्हणून आणि कोच म्हणून, दोन्हीकडून तो चषक हातात घेणारी बाई आहे ही. आईला हे नाव सांग.

आईची तगमग मला कळते. घरातलं किती तरी विकून, मोडून मुलीला गोल्फ खेळवलेलं असतं. जीव मिल्खा सिंग अ‍ॅबिलीन ख्रिश्चन विद्यापीठाकडून खेळला, १९९३ मध्ये डिव्हिजन टूचा (कॉलेज खेळांच्या दुसऱ्या पातळीचा) वैयक्तिक राष्ट्रीय विजेता झाला आणि पुढे जगभर जिंकला. आपल्याकडे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तोच रस्ता असतो. पण तिला सांग, की ही मास्तरकी म्हणजे शाळेतला पीटीचा तास नव्हे. विद्यापीठाच्या नावाने संघ उभा करायचा, त्याचा पैसा, प्रवास, अभ्यास आणि हारजीत सगळं अंगावर घ्यायचं आणि ४ वर्षं दुसऱ्याच्या लेकींची जबाबदारी घ्यायची. माझ्या जुन्या खेळाडूंपैकी अगदी मोजक्या व्यावसायिक झाल्या. बाकीच्या डॉक्टर, हिशेबनीस, शिक्षिका झाल्या, आणि अजूनही मला मुलांचे फोटो पाठवतात. माझ्या आईलाही सुरुवातीला हे पटलं नव्हतं. एकदा ती तिकडे आली, एक अख्खी स्पर्धा आमच्याबरोबर हिंडली, आणि रात्री मुलींसाठी हॉटेलच्या मायक्रोवेव्हमध्ये खिचडी करून बसली. त्यानंतर हा विषय घरात निघाला नाही.

हो म्हणण्याआधी काही गोष्टी लेखी घे. पगार १२ महिन्यांचा की ९. दुखापतीचा विमा. मुलं बघायला जाण्याचा खर्च संघ देणार की तुझ्या खिशातून. डिव्हिजन वनमध्ये बिनपगारी 'व्हॉलंटिअर कोच' हा प्रकार जुलै २०२३ पासून बंद झालाय, तेव्हा "पहिलं वर्ष असंच कर, मग बघू" असं कोणी म्हटलं तर थेट नाही म्हण. व्हिसाचं जास्त काळजीने बघ. विद्यापीठांना एच-१बीची वार्षिक लॉटरी लागू नाही, ही तुझी जमेची बाजू. पण सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरच्या उमेदवारांच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं गेलं, आणि तू सध्या पुण्यात आहेस. ते तुझ्या बाबतीत लागू होतं का, आणि झालं तर कोण भरणार, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून लेखी घे आणि स्वतःच्या वकिलाकडूनही तपासून घे. कोचच्या तोंडी आश्वासनावर तिकीट काढू नकोस.

शेवटचं. त्यांनी तुला भेटीला बोलावलंय असं लिहिलंयस. ते स्पर्धेचा दिवस सुचवतील, कारण त्या दिवशी सगळे छान दिसतात. तू संघनिवडीच्या दिवशी जा. स्पर्धेआधी संघातल्या संघात खेळवून ५ जणी निवडतात, आणि कोणीतरी एका शॉटने सहावी येते. ती सामान गाडीत टाकून वसतिगृहावर निघते. त्या वेळी मुख्य कोच कुठे असतात ते बघ. निवडलेल्या पाच जणींबरोबर फोटो काढत असतात, की पार्किंगमध्ये तिच्या गाडीपाशी उभे असतात? तुला ज्यांच्या हाताखाली शिकायचंय त्यांच्याबद्दल एवढं पाहिलंस तरी बरंच कळेल. पाहून आलीस की मला लिही.